टोयोटा जपानी, मग कॅमरी अमेरिकन कशी?

डिसेंबर २०२५ मध्ये टोयोटाने जाहीर केलं की २०२६ पासून जपानी ग्राहकाला पुन्हा कॅमरी विकत घेता येईल. जपानमध्ये या गाडीची विक्री २०२३ अखेर बंद झाली होती, तेव्हा ती परत येणं ही बातमी होतीच. पण खरी गंमत पुढे आहे. ही कॅमरी अमेरिकेच्या केंटकी राज्यात तयार होऊन, जहाजात बसून, जपानला येणार आहे. जपानी कंपनीची गाडी, जपानी माणसासाठी, आणि अमेरिकेतून आयात! गंगा अशी उलटी कशी वाहायला लागली?

आमच्या मामाने २००५ च्या सुमारास कोरोला घेतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बॉनेटवर थाप मारून सांगायचा, "अस्सल जपानी माल आहे." आरसी बुकात मात्र चासी नंबर 'एमबीजे' या अक्षरांनी सुरू होत होता. त्याचा अर्थ काय, ते शेवटी सांगतो. आधी 'गाडी कुठली?' या साध्या प्रश्नाचं उत्तर इतकं अवघड का झालंय ते पाहू.

सेडान म्हणजे कोणती गाडी?

लहान मूल गाडीचं चित्र काढतं ती सेडान. पुढे इंजिनाचा खोका, मधे माणसं बसायचा खोका, मागे डिक्कीचा खोका. असे तीन वेगळे भाग बाजूने दिसले की सेडान. डिक्की मागच्या काचेसकट वर उघडली तर ती हॅचबॅक. सिटी, व्हर्ना, डिझायर या आपल्या ओळखीच्या सेडान. टोयोटाच्या बाबतीत बोलायचं तर कोरोला, कॅमरी आणि ज्यातून पुणे-मुंबई टॅक्सीप्रवास आपल्यापैकी अनेकांनी केला असेल ती इटिऑस.

'बनली' म्हणजे नेमकं काय झालं?

मोटारीच्या कारखान्यात ढोबळमानाने चार कामं चालतात. पत्र्याला साच्यात दाबून दरवाजे, छप्पर असे आकार द्यायचे, ते वेल्डिंग करून सांगाडा उभा करायचा, सांगाडा रंगवायचा, आणि मग त्यात इंजिन, वायरी, सीटा, काचा बसवायच्या. चाकण-पिंपरीत काम केलेल्याला हे वेगळं सांगायला नको. पण या चारपैकी कोणतं काम कुठे झालं, यावर सगळा खेळ अवलंबून असतो.

पुरणपोळी घ्या. दुकानातून तयार पोळी आणली, तर ती झाली पूर्ण बांधून आलेली गाडी. तयार पुरण आणि मळलेली कणीक आणून घरी फक्त लाटली-भाजली, तर ती झाली संचातून जुळवलेली गाडी; संच पूर्ण सुटा आला तर त्याला मोटारधंद्यात सीकेडी म्हणतात, अर्धवट जुळलेला आला तर एसकेडी. भाग किती बारीक सुटे केलेत, एवढाच दोघांतला फरक. आणि डाळ शिजवून, पुरण वाटून पोळी केली, तर ते खरं स्थानिक उत्पादन. तरीही एखादी चिकित्सक आत्या विचारतेच, "डाळ कुठली? गूळ कोल्हापूरचा का?" मोटारीत ही डाळ-गुळाची चौकशी म्हणजे सुटे भाग कोणत्या देशातले, याची चौकशी.

कंपन्या संचाचा खटाटोप का करतात? करासाठी. भारतात २०२३ च्या अर्थसंकल्पानंतर आयात केलेल्या पूर्ण गाडीवर किमतीनुसार ७० ते १०० टक्के सीमाशुल्क होतं, आणि पूर्ण सुट्या भागांच्या संचावर १५ टक्के. म्हणजे तयार पोळी आणली की जवळजवळ दुप्पट दाम, पुरण-कणीक आणली तर थोडाच भुर्दंड. कोणताही हिशेबी माणूस लाटणं घेऊन बसेल.

मुकुटांचं घराणं

टोयोटाची पहिली सेडान १९३६ ची, तिचं नाव एए. पण ज्यांच्यामुळे कंपनीचं नाव झालं त्या सेडानची नावं बघा. १९५५ ची क्राउन म्हणजे मुकुट. १९५७ ची कोरोना, तोही लॅटिनमधला मुकुटच (साथीच्या कितीतरी आधीचा, बिचारीचा त्यात काही दोष नाही). १९६६ ची कोरोला; हा शब्द शाळेत जीवशास्त्रात भेटलेला 'दलपुंज', म्हणजे फुलाच्या पाकळ्यांचं कडं. मूळ लॅटिन अर्थ छोटा मुकुट. आणि १९८० ची कॅमरी हे तर 'कानमुरी' या जपानी शब्दाचं रूप, अर्थ पुन्हा मुकुट. नावं ठेवणाऱ्या खात्याने एकच टोपी चार वेळा विकली, असं म्हणायला हरकत नाही.

या गाड्यांचं माहेर जपानच्या आइची प्रांतात, कोरोमो नावाच्या गावात. रेशमाच्या व्यापारावर जगणारं ते गाव. १९३८ मध्ये तिथे मोटारीचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये गावाने आपलं नाव बदलून चक्क टोयोटा करून घेतलं. आपल्याकडे किर्लोस्करवाडी, वालचंदनगर झालं तसंच, फक्त इथे आधीचं नांदतं गाव पुसून. त्याच वर्षी मोतोमाची कारखाना सुरू झाला, क्राउनसाठी. १९६६ मध्ये ताकाओका, खास कोरोलासाठी. १९७० मध्ये त्सुत्सुमी, जो पुढे कॅमरीचं घर झाला. हे सगळे एकमेकांपासून फार लांब नाहीत. सुटे भाग बनवणारेही तिथेच आसपास. सुरुवातीला 'गाडी कुठली?' या प्रश्नाला एकच उत्तर होतं, कारण सगळं एकाच तालुक्याएवढ्या परिसरात घडत होतं.

अमेरिकेत जायचा पहिला प्रयत्न मात्र आपटला. १९५८ मध्ये टोयोटाने तिथे २८७ क्राउन विकल्या. टोकियोच्या खाचखळग्यांसाठी बांधलेली ही दणकट, जड गाडी अमेरिकेच्या लांबच लांब महामार्गांवर धापा टाकायची; वेग वाढला की थरथरायची, इंजिन तापायचं. १९६० च्या अखेरीस तिची निर्यात थांबवावी लागली. एका देशातल्या रस्त्यांनी घडवलेली गाडी दुसऱ्या देशात तशीच चालत नाही, हा धडा तिथे मिळाला. पुढची साठ वर्षं याच धड्याची उजळणी आहे.

कोरोलाचे मुख्य अभियंता तात्सुओ हासेगावा हे मूळचे विमानं बनवणारे. त्यांचं म्हणणं सोपं होतं: गाडी सगळ्या विषयांत ८० गुण मिळवणारी हवी, पण केवळ ८० वाली नको, काही विषयांत ग्राहकाला ९० च्या पुढे दिसली पाहिजे. प्रतिस्पर्धी निसानची सनी १००० सीसीची येणार हे कळल्यावर कोरोलाचं इंजिन ११०० चं करण्यात आलं, आणि 'शंभर सीसी जास्त' हीच जाहिरात झाली. पहिली कोरोला जेमतेम ३.८५ मीटर लांब होती, म्हणजे आजच्या आपल्या डिझायरपेक्षाही आखूड, आणि वजन ७०० किलोच्या घरात. आजची आंतरराष्ट्रीय कोरोला सेडान ४.६३ मीटर आहे. १९८३ पर्यंत सेडान कोरोलाची मागची चाकं गाडी ढकलायची. पाचव्या पिढीपासून पुढची चाकं ओढू लागली. त्यामुळे गाडीखालून मागे जाणारा लांब दांडा गेला, मधल्या प्रवाशाच्या पायाशी येणारा उंचवटा कमी झाला. कॅमरीने हाच बदल एक वर्ष आधी, १९८२ मध्ये केला होता.

मग कारखाने समुद्रापार का गेले?

स्वस्त मजुरीसाठी, असं आपण पटकन म्हणतो. टोयोटाच्या सेडानच्या बाबतीत ते उत्तर चुकीचं आहे. १९८०च्या दशकातला अमेरिकी कामगार जपान्यापेक्षा स्वस्त मुळीच नव्हता.

पहिलं कारण राजकारण. तेलाच्या भडक्यानंतर अमेरिकी ग्राहक कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्यांकडे वळला, डेट्रॉइटचे कारखाने ओस पडू लागले, आणि १९८१ मध्ये जपानने 'स्वेच्छेने' मर्यादा मान्य केली: सगळ्या जपानी कंपन्यांनी मिळून वर्षाला १६.८ लाख मोटारीच अमेरिकेत पाठवायच्या. (ही स्वेच्छा म्हणजे मास्तरांनी छडी दाखवल्यावर मुलाने स्वेच्छेने गृहपाठ करावा तशी.) याचे दोन परिणाम झाले. नग मोजून पाठवायचे असतील तर कंपनी स्वस्त नग कशाला पाठवेल? म्हणून मोठ्या, जास्त सोयींच्या, जास्त नफ्याच्या सेडानवर भर आला. दुसरं, मर्यादा आयातीवर होती. अमेरिकेत बनवलेल्या गाडीवर नव्हती. होंडाने १९८२ मध्येच ओहायोत ॲकॉर्ड बनवायला घेतली. टोयोटा सावधपणे, जनरल मोटर्सच्या भागीदारीत, १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात उतरली.

दुसरं कारण चलन. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांनी डॉलर स्वस्त करायचं ठरवलं. तेव्हा एका डॉलरला २४० च्या आसपास येन मिळत. १९८७ संपताना तो आकडा साधारण निम्म्यावर आला होता. हिशेब करून बघा. जपानमध्ये एक गाडी बनवायला १२ लाख येन लागतात असं धरा. २४० च्या दराने त्याचे होतात ५ हजार डॉलर, १२० च्या दराने १० हजार. गाडीत एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही, कामगाराचा पगार तोच, पण डॉलरमध्ये मोजला तर खर्च दुप्पट झाला. अशा वेळी खर्चही डॉलरमध्येच करणं हा एकच टिकाऊ उपाय उरतो. खर्च आणि कमाई एकाच चलनात असली की दर कुठेही जावो, झोप उडत नाही.

१९८५ च्या डिसेंबरात टोयोटाने केंटकीतल्या जॉर्जटाउनची निवड जाहीर केली. घोड्यांच्या पागा आणि तंबाखूची शेतं असलेला हा भाग. मे १९८८ मध्ये तिथून पहिली कॅमरी बाहेर पडली. आज तो टोयोटाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक आहे, वर्षाला साडेपाच लाख गाड्यांच्या क्षमतेचा. अमेरिकेत विकली जाणारी कॅमरी तिथेच बनते. १९९७ पासून जवळजवळ दरवर्षी ही तिथली सर्वाधिक खपाची सेडान राहिली. मधली काही वर्षं मागणी इतकी होती की इंडियानात सुबारूच्या कारखान्यातही कॅमरी बनवून घेतली जात होती.

कोरोलाचा पसारा याहून मोठा. कॅनडात १९८८ पासून, पाकिस्तानात कराचीजवळ १९९३ पासून, तुर्कस्तानात साकार्याला, ब्राझीलमध्ये इंदायातुबाला, अमेरिकेत मिसिसिपी राज्यात २०११ पासून. शिवाय थायलंड, चीन, तैवान, दक्षिण आफ्रिका. २०२१ पर्यंत या नावाच्या ५ कोटी गाड्या विकल्या गेल्या होत्या. यातल्या किती जपानी म्हणायच्या?

गाडीची रुंदी सरकार ठरवतं

सेडान कशा बदलत गेल्या हे सांगताना आपण डिझायनरचं कौतुक करतो. माझ्या मते सरकारी कर-खात्याचंही थोडं करायला हवं.

जपानमध्ये १.७ मीटरपेक्षा रुंद, ४.७ मीटरपेक्षा लांब किंवा २००० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाची मोटार वरच्या वर्गात जाते. पूर्वी त्या वर्गावर कराचा बोजा बराच जास्त होता. आपल्याकडे ४ मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत मिळाली आणि डिक्की छाटलेल्या सेडानचं पीक आलं, तोच प्रकार. अमेरिकी ग्राहकाला मात्र ऐसपैस गाडी हवी होती. मग १९९० च्या सुमारास टोयोटाने एकाच नावाच्या दोन कॅमरी केल्या: जपानसाठी १.७ मीटरच्या आत बसणारी अरुंद, आणि बाहेरच्या जगासाठी जवळजवळ १.७७ मीटरची रुंद. रुंद गाडी जपानमध्येही विकली, पण सेप्टर या वेगळ्या नावाने, आणि तिचा लांब डिक्कीवाला वॅगन प्रकार केंटकीतून जपानला येत असे. म्हणजे गंगा उलटी वाहायची ही पहिली वेळ नव्हे. तीस वर्षांपूर्वी एकदा वाहून झाली आहे.

कोरोलाची तीच कथा. २०१९ मध्ये नवी सेडान आली, तेव्हा जपानसाठी ती मुद्दाम १३-१४ सेंटिमीटर आखूड ठेवली गेली. शिवाय ज्यांना गल्लीत वळवायला आणि जुन्या पार्किंगमध्ये बसवायला १.७ मीटरच्या आतलीच हवी होती, त्यांच्यासाठी जुनी कोरोला ॲक्सिओ आणखी काही वर्षं मियागी प्रांतातल्या ओहिरात बनत राहिली. तेव्हा 'जपानमध्ये मिळते ती खरी, बाकी जगात मिळते ती वेगळी' ही आपली तक्रार अगदीच खोटी नाही. फक्त वेगळी म्हणजे कमअस्सल नव्हे. वेगळ्या कराची, वेगळ्या गल्लीची.

पण दर्जाचं काय? जपानमध्ये बनलेली गाडी जास्त टिकत नाही का?

हा प्रश्न येणारच, आणि तो योग्य आहे. याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या त्या भागीदारीत सापडतं. फ्रीमाँटचा तो कारखाना आधी एकट्या जनरल मोटर्सचा होता आणि कुप्रसिद्ध होता: रोज मोठ्या संख्येने गैरहजेरी, संप, भांडणं, सदोष गाड्या. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये तोच कारखाना पुन्हा उघडला आणि कामावर घेतले ते बहुतांशी तेच जुने कामगार. फरक इतकाच, की त्यांच्यातल्या अनेकांना आधी जपानमध्ये ताकाओकाच्या लाईनवर नेऊन काम दाखवलं. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा ताकाओकाच्या जवळ पोहोचला. माणसं तीच, इमारत तीच, देश तोच. बदलली होती पद्धत.

ही पद्धत समजायला इचलकरंजी किंवा भिवंडीचा माग डोळ्यांसमोर आणा. टोयोटा कंपनी मुळात मागातून जन्मली. संस्थापकाचे वडील साकिची तोयोदा यांनी असा माग बनवला की ताण्याचा एक धागा तुटला की तो आपोआप थांबे. त्यांचा १९२४ चा स्वयंचलित माग जगभर गाजला. ज्याने साधे माग चालवलेत त्याला याची किंमत कळेल: धागा तुटूनही माग चालत राहिला तर अख्खं कापड बाद. हेच तत्त्व मोटारीच्या लाईनवर आलं. कामगाराला दोष दिसला की त्याने वरची दोरी ओढायची. अडचण तिथल्या तिथे सुटली नाही तर लाईन थांबते. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाईन थांबवणं हा गुन्हा होता. नव्या फ्रीमाँटमध्ये न थांबवणं हा गुन्हा ठरला. पद्धतीचा दुसरा पाय म्हणजे लागेल तेव्हा, लागेल तेवढाच भाग मागवायचा; गोदामं भरून ठेवायची नाहीत. ती शिस्त टोयोटाचे अभियंता ताइची ओनो यांनी कारखान्यात रुजवली.

उलट बाजूही सांगायला हवी. २०२४ च्या जूनमध्ये चाचण्यांच्या कागदपत्रांतल्या गैरप्रकारांमुळे टोयोटाला काही मॉडेलांचं उत्पादन थांबवावं लागलं. त्यात वर उल्लेख केलेली ॲक्सिओ होती. जपानात बनलेली, मुख्यतः जपानातच विकली जाणारी. आणि २०१० मध्ये ॲक्सिलरेटरचा पेडल अडकण्यावरून अमेरिकेत कॅमरी-कोरोलासकट लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तेव्हा दोष जुळणीच्या कारखान्यात नव्हता. बाहेरच्या पुरवठादाराकडून आलेल्या पेडलमध्ये होता. पोळी कोणी लाटली, यापेक्षा डाळ कोणी निवडली हे कधीकधी जास्त महत्त्वाचं ठरतं. अमेरिकेत तर १९९२ च्या कायद्याने नव्या मोटारीच्या काचेवर चिठ्ठी लावावी लागते: अमेरिका-कॅनडातले भाग किती टक्के, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला. आपल्याकडेही अशी चिठ्ठी असती तर शोरूममधल्या कितीतरी गप्पा वाचल्या असत्या.

जोतं एक, घरं अनेक

इतक्या देशांत इतक्या तऱ्हेच्या गाड्या बनवायच्या तर प्रत्येकीचा आराखडा नव्याने करणं परवडत नाही. म्हणून २०१५ पासून टोयोटाने आपली जोतीच ठरवून टाकली. वाड्याचं जोतं एकदा नीट बांधलं की त्यावर दुमजली उभारा नाहीतर बंगली. मोटारीत त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. इंजिन कुठे टेकणार, चाकं कशी जोडली जाणार, ड्रायव्हर किती उंचीवर बसणार, हे त्यातच ठरतं. कोरोला एका जोत्यावर, कॅमरी त्याहून मोठ्या दुसऱ्या जोत्यावर. आपल्या रस्त्यांवर दिसणारी इनोव्हा हायक्रॉस कोरोलाच्याच जोत्याच्या कुळातली आहे. भारतात कोरोला मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वरचं घर बदललंय, जोतं अंगणात आलेलंच आहे.

दुसरा बदल हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि निघताना वापरली जाते. याची सुरुवात १९९७ मध्ये प्रियसने झाली, तीही मुळात सेडानच होती. अमेरिकेत आणि भारतात सध्याची कॅमरी तर केवळ हायब्रिडच येते.

बिडदीची गोष्ट

आता आपल्या अंगणात. बेळगावात सायकलींचं दुकान चालवता चालवता लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगराकडे वळले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, हे मराठी वाचकाला माहीत असतं. त्याच घराण्याच्या उद्योगाशी टोयोटा समूहाची पहिली गाठ पडली ती कापडयंत्रांच्या निमित्ताने, १९९५ मध्ये. म्हणजे सुरुवात पुन्हा मागापासूनच! दोन वर्षांनी टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली, आणि बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना आला. पहिली गाडी क्वालिस. सेडानमध्ये २००३ पासून कोरोला तिथे बनू लागली, आणि २०२० पर्यंत बनली. डिसेंबर २०१० मध्ये दुसऱ्या कारखान्यासोबत इटिऑस आली. भारतासाठी म्हणून आखलेली ही पहिली टोयोटा. लांबी ४.२६ मीटर, म्हणजे ४ मीटरच्या सवलतीबाहेर. साधी, भक्कम, प्रशस्त, आणि दिसायला इतकी बेतास बात की घरच्या गाडीपेक्षा टॅक्सीवाल्यांनीच तिला डोक्यावर घेतलं. माझ्या मते ती तिच्या वाट्याला आलेल्या कौतुकापेक्षा बरीच चांगली गाडी होती. ती इथून दक्षिण आफ्रिकेलाही जात असे. २०२० मध्ये तीही थांबली.

सेडानपुरतं बोलायचं तर आज बिडदीत जुळणी होते ती कॅमरीची. संच आणून इथे पोळी भाजायची. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या पिढीची किंमत रस्त्यावर येण्याआधीच ४८ लाख होती. अमेरिकेत शिक्षक-नर्स मंडळी वापरतात ती गाडी इथे मंत्र्या-संत्र्यांची होते, त्यामागे चैनीपेक्षा कर आणि छोटी उत्पादनसंख्या यांचा हात मोठा आहे.

आणि एक उदाहरण असं की डोकं गरगरावं: आखाती देशांत आणि आफ्रिकेत टोयोटा बेल्टा नावाची सेडान विकली गेली. ती बनवली मारुती सुझुकीने, भारतात. आपण जिला सियाझ म्हणत होतो, तीच. फक्त बिल्ला बदलून. दुबईतल्या कुणा मराठी माणसाने 'जपानी टोयोटा' म्हणून ती घेतली असेल, तर त्याने नकळत माहेरचाच माल घेतला.

जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरसाठी महाराष्ट्र सरकार आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार झाला. महाराष्ट्राशी या कुळाचं नातं आता फक्त आडनावापुरतं राहणार नाही, असं त्यावरून दिसतं.

आता नव्या शुल्कांमुळे सगळे कारखाने अमेरिकेत जातील का?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर जादा २५ टक्के शुल्क लावलं. वाटाघाटींनंतर जपानी मोटारींसाठी ते सप्टेंबरपासून एकूण १५ टक्क्यांवर आलं. त्या बदल्यात जपानने जे मान्य केलं त्यात एक कलम असं, की अमेरिकी सुरक्षा-निकषांत उत्तीर्ण झालेली गाडी पुन्हा चाचण्या न घेता जपानात विकता यावी. केंटकीची कॅमरी जपानला निघाली ती या दाराने. अमेरिकेला दाखवायला हवं की बघा, आम्हीही तुमच्याकडून गाड्या घेतो. ग्राहकाने मागणी केली म्हणून घेतलेला हा निर्णय नाही.

पण शुल्क बदललं म्हणून कारखाना लगेच उचलून नेता येत नाही. जॉर्जटाउन घोषणेपासून पहिल्या गाडीपर्यंत अडीच वर्षं गेली. भोवती पुरवठादार जमायला त्याहून जास्त. आणि एका सरकारने आणलेला कारखाना पुढच्या सरकारच्या धोरणात टिकेलच असंही नाही. ऑस्ट्रेलियाचं बघा. १९८०च्या दशकात तिथे आयात मोटारीवर ५७.५ टक्के शुल्क होतं, म्हणून कॅमरी मेलबर्नमध्ये बनू लागली. शुल्क उतरत उतरत ५ टक्क्यांवर आलं, ऑस्ट्रेलियन डॉलर वधारला, देशाची बाजारपेठ लहान. ३ ऑक्टोबर २०१७ ला आल्टोनाच्या कारखान्यातून शेवटची कॅमरी बाहेर पडली. आता ऑस्ट्रेलियात कॅमरी जपानहून जाते.

जवळ सगळं ठेवण्यातही धोका असतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो फेलिसमध्ये वादळाने टोयोटाच्या इंजिन कारखान्याचं छप्पर उडवलं. कोरोला जुळवणारा इंदायातुबाचा कारखाना धडधाकट होता, पण इंजिनंच नाहीत तर जुळवणार काय? लाईन थांबली.

आपली गाडी कुठली, हे कसं ओळखायचं?

आरसीवर चासी नंबर असतो, १७ आकडे-अक्षरांचा. पहिलं अक्षर जगाचा भाग सांगतं, पहिली तीन मिळून बनवणाऱ्याची ओळख. 'जे'ने सुरुवात झाली तर जपान. १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका; जॉर्जटाउनची कॅमरी '४टी१' ने सुरू होते. २ कॅनडा, ३ मेक्सिको, ६ ऑस्ट्रेलिया, ९ने सुरू होऊन 'बी' आलं तर ब्राझील. 'एमआर' थायलंड, 'एनएम' तुर्कस्तान. परदेशातून जुनी गाडी घेणाऱ्या आपल्या मंडळींनी हे पाठच करून ठेवावं. विकणारा काहीही सांगो, हा नंबर खोटं बोलत नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की तो जुळणी कुणी केली ते सांगतो, डाळ-गूळ कुठला ते नाही.

'एमबीजे' म्हणजे टोयोटा किर्लोस्कर, बिडदी. मामाला हे दाखवलं तेव्हा त्याने चष्मा लावून आरसी दोनदा वाचली, घडी घालून पाकिटात ठेवली आणि म्हणाला, "किर्लोस्कर ना? मग आपलीच की."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला मात्र त्याने जपानीच सांगितली.